थंडरबर्ड १०२ वरून ११५: अपग्रेडनंतरचे क्रॅश, प्रकल्प नोंदी

१३ सप्टेंबर २०२३, बुधवार

कार्यालयात १८ मशीन, सगळ्यांवर मेलसाठी थंडरबर्ड. नऊ मशीनवर ११५ ही नवी आवृत्ती चढवली आहे, उरलेली नऊ अजून १०२ वर. चढवलेल्यांपैकी सहा बंद पडताहेत: आवक-१, लेखा-२, वसुली-१, वसुली-३, भांडार आणि आस्थापना. तक्रार सगळ्यांची एकच, "मेल उघडला की आपोआप बंद होतो." या एका वाक्याखाली चार-पाच वेगळी दुखणी असू शकतात. एका मशीनला लागू पडलेला उपाय सरसकट सहाही ठिकाणी करायचा नाही.

"काढून पुन्हा बसवा" हा सल्ला लगेच मिळतो. अनइन्स्टॉलर प्रोफाइलला (मेल, खाती आणि सेटिंग्ज ठेवलेला फोल्डर) हात लावत नाही, त्यामुळे दोष प्रोफाइलमध्ये असेल तर पुन्हा बसवूनही तो जागच्या जागी राहतो. दोष थंडरबर्डच्याच फाइलींत असेल तेवढ्यापुरता हा उपाय खरा.

परत १०२ वर जाणेही वाटते तितके सरळ नाही. प्रोफाइलमधल्या कम्पॅटिबिलिटी.आयएनआय फाइलमध्ये शेवटच्या आवृत्तीची नोंद असते. ११५ ने एकदा उघडलेले प्रोफाइल १०२ ला दिले की ते नवे प्रोफाइल करा नाहीतर बाहेर पडा एवढेच विचारते. अलाऊ-डाउनग्रेड हा स्विच (कमांडपुढे टाइप करायचा पर्याय) देऊन पुढे ढकलता येते, पण नव्या आवृत्तीने रचना बदललेल्या डेटाबेस फाइली जुनीने वाचायच्या म्हणजे जुगार आहे. मागे जायचा खरा रस्ता एकच: ११५ ने स्पर्श करण्याआधीचा बॅकअप.

१०२ वरच बसून राहण्यातही अर्थ नाही. वेबपी चित्रांच्या लायब्ररीतल्या गंभीर त्रुटीवर (सीव्हीई-२०२३-४८६३) काल, १२ तारखेला, दुरुस्त आवृत्त्या आल्या: १०२.१५.१ आणि ११५.२.२. मेलमधले चित्र दाखवताना ही लायब्ररी वापरली जाते, तेव्हा हे टाळण्यासारखे नाही. उरलेल्या नऊ मशीनवर आज १०२.१५.१ टाकले आणि इन्स्टॉल फोल्डरमध्ये डिस्ट्रिब्युशन नावाचा फोल्डर करून त्यात पॉलिसीज.जेसन ठेवली, डिसेबल-अ‍ॅप-अपडेट ट्रू. आमचे काम संपेपर्यंत तिथे कुणीही "अपडेट" दाबून पुढे जाणार नाही. बिघडलेल्या सहांवर आधी ११५.२.२ टाकले, क्रॅश तसेच.

कमांड, स्विच, फाइली आणि प्रेफरन्सची नावे या नोंदींत देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना रोमनच.

बॅकअप: रन बॉक्समध्ये टक्केवारीच्या चिन्हांत अ‍ॅपडेटा लिहून एंटर, तिथला थंडरबर्ड फोल्डर अख्खा. नुसता प्रोफाइल्स फोल्डर पुरत नाही, बाहेरच्या प्रोफाइल्स.आयएनआय आणि इन्स्टॉल्स.आयएनआय याही हव्यात (कारण २१ तारखेच्या नोंदीत). आधी टास्क मॅनेजरमध्ये थंडरबर्ड.ईएक्सई शिल्लक नाही ना ते पाहायचे. खिडकी गेली तरी प्रोसेस मागे रेंगाळते. कॉपी रोबोकॉपीने, स्विच /ई /आर:१ /डब्ल्यू:१. हे शेवटचे दोन विसरलात तर रोबोकॉपी कुलूप लागलेल्या एका फाइलसाठी दर ३० सेकंदांनी दहा लाख वेळा प्रयत्न करत बसते, ती त्याची मूळ सेटिंग आहे. /एमआयआर वापरायचा नाही. मूळ जागी जे नाही ते तो बॅकअपमधूनही पुसतो.

१४ सप्टेंबर, गुरुवार

आज दुरुस्ती नाही, फक्त वर्गवारी. सहाही मशीनवर तोच क्रम.

पहिला प्रश्न: क्रॅश रिपोर्टरची खिडकी येते का? आली तर थंडरबर्डने आपला क्रॅश स्वतः पकडला आहे आणि वाचायला मजकूर मिळेल. न येता प्रोग्राम गायब झाला तर तो फार लवकर पडला असेल किंवा बाहेरून कुणी तरी त्याला बंद केले असेल. मग विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरकडे जायचे. दुसरा प्रश्न, पडतो नेमका कधी: खिडकी उघडण्याआधी, उघडताना, फोल्डरवर क्लिक केल्यावर की मेल आणताना. मग तीन चाचण्या. शिफ्ट दाबून धरून सुरू केले की ट्रबलशूट मोड. -पी स्विच देऊन नवे, कोरे प्रोफाइल. आणि -ऑफलाइन स्विच, म्हणजे सर्व्हरशी न बोलता.

ट्रबलशूट मोडबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. त्यात चालले म्हणजे अ‍ॅड-ऑनच दोषी, असे धरले जाते. तो मोड अ‍ॅड-ऑन बंद करतो तसे हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशनही (चित्रकाम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवणे) बंद करतो आणि खिडकीचे रूप बदलणारी यूझरक्रोम.सीएसएस फाइलही वाचत नाही. तेव्हा तिथे चालले तर पुढे या तिघांना वेगळे करायचे काम उरतेच.

क्रॅश रिपोर्ट पाहायला हेल्प मेनूतले ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन. प्रत्येक रिपोर्टचा क्रमांक बीपी-ने सुरू होतो आणि त्याचे शेवटचे सहा अंक म्हणजे वर्ष-महिना-दिवस. आजचे सगळे २३०९१४ वर संपणारे. ही तारीख रिपोर्ट पाठवल्याची असते, क्रॅशची नव्हे. इंटरनेट नसताना पडलेला रिपोर्ट पेंडिंग फोल्डरात अडकून चार दिवसांनी गेला तर तारीख चार दिवसांनंतरची दिसते. थंडरबर्ड उघडतच नसेल तर हेच क्रमांक अ‍ॅपडेटामधल्या क्रॅश रिपोर्ट्स फोल्डरात, सबमिटेडखाली मिळतात. पेंडिंगमधल्या .डीएमपी फाइली कुणालाही मेलने पाठवू नयेत. ते मेमरीचे तुकडे आहेत, त्यात मेलचा मजकूर असू शकतो.

रिपोर्ट उघडल्यावर आम्ही चारच गोष्टी पाहिल्या: सिग्नेचर (क्रॅशच्या प्रकाराचे नाव), क्रॅश रीझन, अपटाइम (पडण्याआधी किती वेळ चालले), आणि मॉड्यूल्सच्या यादीत थंडरबर्डच्या नसलेल्या डीएलएल (प्रोग्राममध्ये भरल्या जाणाऱ्या कोडच्या फाइली). क्रॅश रीझनमध्ये अ‍ॅक्सेस व्हायोलेशन, म्हणजे ०एक्ससी००००००५, असेल तर प्रोग्रामने नको त्या पत्त्यावर हात घातला. ब्रेकपॉइंट, म्हणजे ०एक्स८००००००३, दिसला तर प्रोग्राम बहुधा स्वतःहून थांबला आहे: पुढे जाणे धोक्याचे आहे हे ओळखून कोडनेच ठरवून केलेला क्रॅश. मेमरी संपल्यावरचे क्रॅश बहुतेक याच प्रकारात येतात.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, अ‍ॅप्लिकेशन, इव्हेंट क्रमांक १०००. तिथे फॉल्टिंग मॉड्यूल म्हणून झूल.डीएलएल दिसली की लोक "सापडला!" म्हणतात. थंडरबर्डचे जवळजवळ सगळे कोड त्या एका फाइलीत आहे, त्यामुळे त्या नावाने काहीच कळत नाही. त्याऐवजी भलतेच नाव दिसले तर मात्र ते उपयोगाचे.

दिवसअखेर:

भांडार: खिडकीच येत नाही, "कुडंट लोड एक्सपीकॉम" एवढा संदेश.
आवक-१: ट्रबलशूट मोडमध्ये चालते.
लेखा-२: ट्रबलशूटमध्येही पडते, ऑफलाइनही पडते, कोऱ्या प्रोफाइलवर चालते.
वसुली-१ आणि वसुली-३: पाच-दहा मिनिटे चालून पडतात. सिग्नेचर दोन्हीकडे "ओओएम, स्मॉल" (ओओएम म्हणजे आउट ऑफ मेमरी).
आस्थापना: कोऱ्या प्रोफाइलवरही पडते.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

भांडार. एक्सपीकॉमचा संदेश म्हणजे थंडरबर्डच्या स्वतःच्या फाइलींचा मेळ नाही: काही नव्या, काही जुन्या, किंवा एखादी गायब. या मशीनवर दोन विंडोज लॉगिन आहेत आणि "स्विच यूझर" करून दोन्ही दिवसभर उघडी असतात. दुसऱ्या लॉगिनमध्ये १०२ चालूच होते, त्याने धरून ठेवलेल्या फाइली इन्स्टॉलरला बदलता आल्या नाहीत. दोन्ही लॉगिन साइन आउट करून थंडरबर्ड काढले, प्रोग्राम फाइल्समधला उरलेला मोझिला थंडरबर्ड फोल्डर हाताने उडवला, ११५.२.२ बसवले. चालले. पुन्हा बसवण्याचा सल्ला लागू पडणारे हे सहांतले एकमेव मशीन.

आवक-१. अ‍ॅड-ऑन एकच होते. ते बंद करून साध्या मोडमध्ये उघडले, पडले. म्हणजे अ‍ॅड-ऑन सुटले. यूझरक्रोम.सीएसएस नाही. राहिले अ‍ॅक्सेलरेशन. मॉड्यूल्समध्ये ग्राफिक्स ड्रायव्हरची डीएलएल होती, आणि स्टॅकच्या (क्रॅशच्या क्षणी चालू असलेल्या कोडच्या यादीच्या) वरच्या ओळींतही होतीच. सेटिंग्जच्या जनरल पानावर हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशनची खूण काढली, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला, स्थिर.

ट्रबलशूट मोडही उघडत नसता तर बाहेरून करावे लागले असते: प्रोफाइल फोल्डरात यूझर.जेएस नावाची मजकूर फाइल, तीत लेयर्स.अ‍ॅक्सेलरेशन.डिसेबल्ड या प्रेफरन्सला ट्रू देणारी एक ओळ. यूझर.जेएस दर वेळी सुरुवातीला वाचली जाते आणि सेटिंग्जमधला बदल उलटवते, त्यामुळे काम झाल्यावर ती काढायची. नाहीतर पुढच्या वर्षी कुणी तरी खूण करत बसेल आणि ती का टिकत नाही म्हणून डोके खाजवेल.

अ‍ॅक्सेलरेशन बंद ठेवणे ही मलमपट्टी झाली. मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरून त्याच मॉडेलचा नवा ग्राफिक्स ड्रायव्हर घेतला, रीस्टार्ट, खूण परत केली, मोठ्या फोल्डरात खालीवर स्क्रोल करून पाहिले. टिकले. ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनच्या ग्राफिक्स भागात कम्पोझिटिंगची ओळ असते. तिथे वेबरेंडरपुढे "सॉफ्टवेअर" असेल तर अ‍ॅक्सेलरेशन वापरात नाही. आता नुसते वेबरेंडर दिसते.

१६ सप्टेंबर, शनिवार

लेखा-२. पॉप खाते, मेल सर्व्हरवर ठेवले जात नाहीत, म्हणजे या डिस्कवर आहे तीच एकमेव प्रत. काम सुरू करण्याआधी बॅकअपच्या फाइलींचे आकार मूळाशी ताडून पाहिले.

दोष प्रोफाइलमध्ये आहे हे नक्की. प्रोफाइलमध्ये काही फाइली अशा असतात की त्या हटवल्या तर थंडरबर्ड स्वतः नव्याने करते, आणि काही अशा की गेल्या तर गेल्या. पहिल्या गटात ग्लोबल-मेसेजेस-डीबी.एसक्यूलाइट (सगळ्या मेलमधल्या शोधाचा इंडेक्स), फोल्डरकॅश.जेसन, सेशन.जेसन, झूलस्टोअर.जेसन, आणि प्रत्येक फोल्डरची .एमएसएफ फाइल. दुसऱ्या गटात प्रेफ्स.जेएस, की४.डीबी, लॉगिन्स.जेसन, अ‍ॅबुक.एसक्यूलाइट आणि अर्थात मेल. पॉपस्टेट.डॅटलाही हात लावायचा नाही: मेल सर्व्हरवर ठेवणारे खाते असेल तर ती गेली की सगळे जुने मेल पुन्हा उतरतात.

पहिल्या गटातल्या फाइली हटवायच्या नाहीत, नाव बदलायचे, शेवटी .जुने लावायचे. एका वेळी एकच. इंडेक्सचे नाव बदलले: पडतेच. फोल्डरकॅश: पडतेच. सेशन.जेसन बदलले आणि थंडरबर्ड उघडून शांत उभे राहिले.

सेशन.जेसनमध्ये शेवटी उघडे असलेले टॅब आणि फोल्डर लिहिलेले असतात. थंडरबर्ड सुरू होताच तोच फोल्डर उघडायला जायचे आणि पडायचे. "उघडताना पडते" असे बाहेरून दिसत होते ते खरे तर "एक फोल्डर उघडताना पडते" असे होते. आता फोल्डर एकेक करून उघडले. इनबॉक्स ठीक, सेंट ठीक, "बँक विवरणे २०२२" वर क्लिक, क्रॅश. रिपोर्टच्या स्टॅकमध्ये मॉर्क हे नाव पुन्हापुन्हा. मॉर्क म्हणजे नेटस्केपच्या काळातला मजकुरी डेटाबेस, .एमएसएफ फाइली अजून त्यातच लिहिल्या जातात. मजकुरी म्हटले तरी नोटपॅडमध्ये उघडून काही उमगेल अशी आशा नको.

फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये रिपेअर फोल्डरचे बटण आहे, पण ते दाबले की थंडरबर्ड आधी तीच खराब .एमएसएफ हाताळते, इथे त्यावरही पडले. प्रोग्राम बंद करून बाहेरून त्या एका .एमएसएफचे नाव बदलले. पुन्हा उघडून फोल्डरवर क्लिक केले, खाली प्रगतीची पट्टी सरकली, यादी आली.

इथे सगळ्यात महागात पडणारी गल्लत होते. प्रत्येक फोल्डरच्या दोन फाइली शेजारी शेजारी असतात, नाव तेच, एकीला .एमएसएफ आणि दुसरीला एक्स्टेन्शनच नाही. एक्स्टेन्शन नसलेली फाइल म्हणजे खरे मेल. एक्सप्लोररमध्ये व्ह्यू टॅबवर फाइल नेम एक्स्टेन्शन्सची खूण केल्याशिवाय दोन्ही सारख्याच दिसू शकतात. खूण आधी करा, मग हात लावा.

.एमएसएफ नव्याने झाल्याने काय गेले? त्या फोल्डरची स्तंभांची मांडणी आणि क्रम. वाचलेले-न वाचलेले बहुतेक टिकले, कारण ती खूण मेलच्या फाइलीतही एक्स-मोझिला-स्टेटस या ओळीत असते: ०००१ म्हणजे वाचलेला, ०००९ म्हणजे वाचलेला आणि डिलीट केलेला. ही ओळ लिहायची राहून गेलेला एखादा डिलीट केलेला मेल यादीत परत उगवतो. लेखा विभागाला तसे सांगून ठेवले.

फोल्डर कोणता हे क्लिक करून सापडत नसेल तर .एमएसएफ फाइली बदलाच्या वेळेनुसार लावायच्या आणि क्रॅशच्या मिनिटाला हात लागलेली किंवा शून्य बाइटची फाइल पाहायची. तेही जमले नाही तर निम्म्या बाजूला, मग त्यातल्या निम्म्या.

मूळ कारण: त्याच फोल्डरात एनएसटीएमपी नावाची अर्धवट फाइल पडून होती. कॉम्पॅक्ट करताना (डिलीट केलेल्या मेलची जागा मोकळी करताना) थंडरबर्ड शिल्लक मेल आधी एनएसटीएमपीत उतरवते आणि पूर्ण झाल्यावर ती मूळ फाइलीच्या जागी ठेवते. मध्येच लाइट गेली की ती तशीच राहते. या टेबलाला यूपीएस नाही. म्हणजे .एमएसएफ अपग्रेडच्या आधीपासूनच बिघडलेली असावी, बोभाटा मात्र ११५ च्या नावाने झाला. मूळ मेल-फाइल शाबूत असल्याची खात्री करून एनएसटीएमपी बॅकअपमध्ये हलवली. यूपीएसची मागणी प्रशासनाकडे दिली.

१८ सप्टेंबर, सोमवार

उद्या गणेश चतुर्थी, कार्यालय बंद. वसुलीची दोन्ही मशीन आज संपवायची.

सिग्नेचर सारखी असली तरी कारण सारखे असेलच असे नाही, आणि इथे नाहीच. "ओओएम, स्मॉल" म्हणजे लहानसा तुकडाही मेमरीतून मिळाला नाही. पण नाही मिळाला तो का, हे रिपोर्टमधले इतर आकडे सांगतात.

वसुली-३ वर रॅम ४ जीबी. रिपोर्टमध्ये टोटल पेज फाइलचा आकडा जवळपास रॅमइतकाच, आणि अव्हेलेबल पेज फाइल नगण्य. विंडोज एकूण जितकी मेमरी देण्याचे वचन देऊ शकते ती मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेजफाइल (रॅमला पूरक म्हणून डिस्कवर ठेवलेली फाइल); या मशीनवर पेजफाइल बंद केलेली होती. "मशीन फास्ट होते" म्हणून असे करण्याची एक जुनी टूम आहे. ११५ ला इंडेक्स, मेल आणि शेजारी उघडा ब्राउझर असे सगळे ४ जीबीत बसेना. सिस्टिम प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड, परफॉर्मन्स सेटिंग्ज, व्हर्च्युअल मेमरी, तिथे विंडोजनेच आकार ठरवावा ही खूण केली, रीस्टार्ट. मग इंडेक्स पूर्ण होईपर्यंत टूल्समधल्या अ‍ॅक्टिव्हिटी मॅनेजरवर नजर ठेवली. पडले नाही.

वसुली-१ वर रॅम ८ जीबी, पेजफाइलही व्यवस्थित. इथे रिपोर्टमधली दुसरी ओळ बोलकी: टोटल व्हर्च्युअल मेमरी ४,२९,४८,३६,२२४ बाइट. हा आकडा ६४-बिट विंडोजवर चालणाऱ्या ३२-बिट प्रोग्रामची ओळखखूण आहे, ४ जीबीला जेमतेम कमी. मशीनमध्ये १६ जीबी टाकले असते तरी या प्रोसेसला ४ च्या वर पत्ते मिळालेच नसते. खात्यात काही जीबीचे फोल्डर, इंडेक्सही चालू, पत्ते संपले. प्रोग्राम फाइल्स (एक्स८६) मध्ये इन्स्टॉल आहे हेही त्याच गोष्टीची साक्ष. ३२-बिट काढले, ६४-बिट ११५.२.२ बसवले, चालू करून पाहिले. खाते जोडण्याचा कोरा विझार्ड समोर आला, मेलचा पत्ता नाही. घाबरण्यासारखे काही नाही, पण आज वेळ संपली. बुधवारी सकाळी पहिले काम.

२० सप्टेंबर, बुधवार

सकाळी वसुली-१ चे प्रोफाइल -पी स्विचने जोडून दिले, मेल परत. सविस्तर उद्या.

आस्थापना. कोऱ्या प्रोफाइलवरही पडते, म्हणून प्रोफाइल सुटले. इव्हेंट १००० मध्ये फॉल्टिंग मॉड्यूल एका अँटिव्हायरसची डीएलएल. परवाना संपलेला, प्रोग्राम मात्र बसलेला आणि मेलमध्ये डोकावणारा. ट्रबलशूट मोड इथे काही करू शकत नाही, कारण अशा डीएलएल बाहेरून थंडरबर्डच्या प्रोसेसमध्ये शिरतात, थंडरबर्डच्या अ‍ॅड-ऑनच्या यादीत त्या नसतातच. पडताळा म्हणून विंडोज सेफ मोड विथ नेटवर्किंगमध्ये सुरू केले: तासभर चालले.

अद्ययावत करायला परवाना नाही, तेव्हा त्या उत्पादकाच्याच काढून टाकण्याच्या साधनाने तो पूर्ण काढला. कंट्रोल पॅनेलमधून काढला की ड्रायव्हर आणि मेल-फिल्टर बऱ्याचदा मागे राहतात. त्यानंतर विंडोजचा डिफेंडर आपोआप चालू झाला. थंडरबर्ड स्थिर.

डिफेंडर असो की दुसरा कोणता, एक गोष्ट सगळ्या मशीनवर बदलली. थंडरबर्ड मूळ पद्धतीत अख्खा फोल्डर एका फाइलीत ठेवते. त्यातल्या एका मेलच्या जोडफाइलीत व्हायरस सापडला आणि अँटिव्हायरसने "फाइल क्वारंटाइन" केली तर अख्खा इनबॉक्स उचलला जातो. प्रायव्हसी अँड सिक्युरिटी पानावर अँटिव्हायरसखाली येणारा प्रत्येक मेल सुटा तपासू देण्याची खूण आहे, ती केली.

२१ सप्टेंबर, गुरुवार

वसुली-१ चे "हरवलेले" मेल. थंडरबर्ड प्रत्येक इन्स्टॉलला आपले वेगळे प्रोफाइल देते, आणि इन्स्टॉल ओळखते ते फोल्डरच्या पत्त्यावरून. ३२-बिट एका फोल्डरात, ६४-बिट दुसऱ्या. नव्या ६४-बिटने स्वतःसाठी कोरे प्रोफाइल केले. जुने तिथेच होते. कोणत्या इन्स्टॉलला कोणते प्रोफाइल हे इन्स्टॉल्स.आयएनआय आणि प्रोफाइल्स.आयएनआय ठरवतात. हाताने संपादन करण्याची गरज नाही: -पी, जुने प्रोफाइल निवडा, खाली पुन्हा न विचारता तेच वापरण्याची खूण ठेवा, सुरू करा. एकदा नीट उघडले की त्या इन्स्टॉलशी ते बांधले जाते. कोरे प्रोफाइल लगेच डिलीट करू नये. डिलीट करताना "फाइलीही काढू का" असा प्रश्न येतो, आणि घाईत भलत्याच नावावर होकार गेला तर बॅकअपशिवाय वाट नाही.

२५ सप्टेंबर, सोमवार

उरलेल्या नऊ मशीनचे बॅकअप तपासले. दोन ठिकाणी कुणी तरी सोयीसाठी एक्सप्लोररने कॉपी केली होती आणि त्यात फाइली कमी. कारण फोल्डरांची मराठी नावे.

आयमॅपवर (मेल सर्व्हरवरच ठेवण्याची पद्धत) रोमनबाहेरची लिपी एका जुन्या सांकेतिक पद्धतीने जाते, सुधारित यूटीएफ-७. आमचा सर्व्हर थेट यूटीएफ-८ नावे देत नसल्याने डिस्कवरही तीच लांबलचक नावे उमटतात. हिशेब असा: देवनागरीची दर तीन चिन्हे, काना-मात्रा-हलन्त धरून, आठ रोमन अक्षरांत बसतात, आणि प्रत्येक शब्दाला सुरुवात-शेवटाची आणखी दोन. "जिल्हा परिषद पत्रव्यवहार" या नावात दोन मोकळ्या जागांसकट २४ चिन्हे; सांकेतिक रूप १८ + १ + १६ + १ + ३२, एकूण ६८ अक्षरे. नाव ५५ च्या पुढे गेले की थंडरबर्ड डिस्कवर ते कापून शेवटी आठ अक्षरी हॅश (नावावरून काढलेला संकेत) चिकटवते, म्हणून अशी फाइल कोणत्या फोल्डरची हे नुसत्या नावावरून ओळखता येत नाही. त्यात उपफोल्डर, उपफोल्डर ज्यात राहतात तो .एसबीडी फोल्डर, वर नेटवर्कवरच्या बॅकअपचा लांब पत्ता: विंडोजची २६० अक्षरांची मर्यादा सहज ओलांडते आणि एक्सप्लोरर अडतो. रोबोकॉपी अडत नाही. दोन्ही बॅकअप पुन्हा घेतले, शेवटच्या तक्त्यात फेल्डखाली शून्य पाहूनच पुढे गेलो.

वरच्या पातळीचे फोल्डर छोट्या नावांचे ठेवायला सांगितले. "जिप पत्रे" एवढ्याचे २७ होतात. "जि.प." असे टिंब देऊन मात्र लिहू नये. अनेक आयमॅप सर्व्हरवर टिंब हे फोल्डर आणि उपफोल्डर यांतले विभाजक असते, तिथे "जि" च्या पोटात "प" तयार होतो.

२६ सप्टेंबर, मंगळवार

उरलेल्या नऊ मशीनवर ११५. आधी १०२ मध्येच, यूपीएस असलेल्या जागी, फोल्डर कॉम्पॅक्ट. डिस्कवर निदान सगळ्यात मोठ्या फोल्डरइतकी मोकळी जागा पाहून. ग्राफिक्स ड्रायव्हर, पेजफाइल, ३२ की ६४ बिट, दुसरे लॉगिन उघडे नाही ना, हे पाहून मग बंद, बॅकअप, इन्स्टॉल. पहिली सुरुवात ट्रबलशूट मोडमध्ये, मग साधी. पॉलिसीज.जेसन शेवटी काढली.

नऊपैकी एका मशीनवर क्रॅश नाही, पण मेलची यादी पांढरी फटक. कॉन्फिग एडिटरमध्ये एक्स्टेन्शन्स.स्ट्रिक्ट-कम्पॅटिबिलिटी फॉल्स केलेले आढळले. कधी काळी एखादे जुने अ‍ॅड-ऑन रेटून बसवण्यासाठी कुणी तरी केले असेल. जी अ‍ॅड-ऑन थंडरबर्डच्या पोटातल्या कोडशी थेट खेळतात ती आवृत्तीला बांधलेली असतात, आणि ११५ मध्ये मुख्य खिडकीची रचनाच बदलली आहे. प्रेफरन्स मूळपदावर नेला, विसंगत अ‍ॅड-ऑन आपोआप बंद झाले, यादी आली.

"मेनू गेला" ही तक्रार पाच ठिकाणी. ऑल्ट दाबला की दिसतो, व्ह्यू मेनूतून कायम ठेवता येतो. हा दोष नाही, नवी मांडणी आहे.

३ ऑक्टोबर, मंगळवार

व्हीपी८ व्हिडिओच्या लायब्ररीतल्या त्रुटीवर ११५.३.१ आले, अठराही मशीनवर चढवले. गेल्या आठवड्यात नवा क्रॅश रिपोर्ट एकाही मशीनवर नाही. सबमिटेड आणि पेंडिंग दोन्ही फोल्डर पाहिले.

बाकी कामे: लेखा-२ च्या टेबलाला यूपीएस अजून आलेला नाही, तोवर तिथे आपोआप कॉम्पॅक्ट करण्याची खूण काढून ठेवली आहे. भांडारातल्या दोन लॉगिनपैकी एक बंद करायचे की नाही हे भांडारप्रमुख ठरवतील. विंडोज ७ वरची दोन मशीन ११५ मालिकेवरच राहतील, पुढची मालिका त्यांवर चालणार नाही. बदलीच्या यादीत त्यांची नावे दिली आहेत. ११५ पूर्वीचे बॅकअप ३१ डिसेंबरपर्यंत ठेवायचे, नंतर खातेप्रमुखाची सही घेऊन पुसायचे.